जोडलं आहे, म्हणतो

देलिसी मेट्रोच्या भुयारी वाटेत, मोजेवालीच्या शेजारी
माझं दुकान: एक टेबल, एक भिंग, एक दिवा,
आणि बापाचं स्टूल, एका पायाने आखूड.
तिबिलिसीतले निम्मे कान माझ्या हाताखालून गेलेत,
असं मी म्हणतो.
मोजेवाली हसते.

सोमवारी त्सियालाबाई आल्या.
एकतीस वर्षं शाळेत समूहगान शिकवलेलं,
अजूनही बोलण्याआधी श्वास घेतात.
मुलाने पाठवलेला हेडफोन लोकरीच्या टोपीत गुंडाळून आणला होता.
टीव्ही मोठा लावला की वरच्या मजल्यावरची पोर
हीटरचा पाइप ठोकते, म्हणाल्या, चमच्याने. तालही धड नाही.

मी दाखवलं: बटण सात सेकंद दाबून धरायचं.
दिवा लाल-निळा लुकलुकायला लागला
की हा पहिल्या हाकेला ओ देणार.
"कुणाच्याही?"
"जो आधी मारेल त्याच्या."
"बिनबुडाचा आहे," त्या म्हणाल्या,
आणि पुढचे दहा मिनिटं माझ्या टेबलावर बोटाने ताल धरून
जुन्या वर्गाची ध्वनिफीत ऐकली.
"दुसरी ओळ. तेव्हाही उशिराच आली होती."

बुधवारी ग्वांत्सा आली. नर्स.
मार्चमध्ये हॅनोव्हर, तिथलं रुग्णालय, करार झालेला,
राहिली फक्त भाषा.
तिच्या हातात तोच हेडफोन, तीच कंपनी, तेच नाव, तोच राखाडी रंग.
"मेलाय," म्हणाली.
मी माझ्या फोनला लावला. ठणठणीत.
"मग घरी का मुका होतो?
कॉम्प्युटर म्हणतो, जोडलं आहे.
रोज नऊ वाजता धडा लावते,
पडद्यावर त्या माणसाचे ओठ हलतात,
आणि माझ्या कानात काही नाही. समुद्रसुद्धा नाही."

मला कळायला हवं होतं.
पण त्या दिवशी सहा फुटके फोन होते, पाठ धरली होती.

शुक्रवारी त्सियालाबाई पुन्हा. हातात वही, शाळेची, चौकटीची.
"बटण मी घरी पुन्हा दाबलं होतं," कबूल केलं,
"सात नाही, वीस सेकंद.
तेव्हापासून रात्री नऊला एक माणूस येतो.
जर्मन बोलतो. आवाज चांगला, छातीतून.
विचारतो: वो टूट एस वे?
मी मुलाला फोन करून अर्थ विचारला.
कुठे दुखतंय?
आणि मग तो थांबतो.
उत्तरापुरती जागा सोडतो. नीट, मोजून, चार मात्रा."

मोजेवालीने मोजे घडी करणं थांबवलं.

"पहिल्या रात्री गप्प बसले.
दुसऱ्या रात्री म्हटलं, गुडघा.
आता मी त्यालाच सांगते, त्याच्या भाषेत:
गुडघा, खांदा, इथे, नाही, थोडं वर."

ज्या यादीत दोन सारखी नावं होती
त्यातल्या पहिल्यावर कुणीतरी घाईत बोट ठेवलं,
एवढीच गोष्ट. दुरुस्ती अर्ध्या मिनिटाची:
वरच्या मजल्यावर, त्या कॉम्प्युटरमध्ये, एक शब्द.
विसरा.

मी सांगितलं सगळं. सांगायला नको होतं का, माहीत नाही.
त्यांनी वही मिटली.
"म्हणजे ती चमचेवाली."
मग श्वास घेतला.
"आठवडाभर तिचा धडा मी खाल्ला.
तिचे स्वर कसे आहेत? तुम्ही ऐकलेत?"

शनिवारी ग्वांत्सा कॉम्प्युटर घेऊन आली. मी शब्द दाबला.
त्याने विचारलं, नक्की?
यंत्र विचारतं तेव्हा नेहमी उशीर झालेला असतो.
ओळख पटावी म्हणून तिच्या हेडफोनला लाल दोरा बांधला,
पैसे घेतले नाहीत; मोजेवालीला हे पटलं नाही.

आता म्हणे नऊ वाजता पाइप वाजतो.
तीन ठोके, तालात.
आणि खालून, छताकडे तोंड करून,
हेडफोन नसलेल्या आवाजात,
त्सियालाबाई विचारतात, कुठे दुखतंय.
उत्तर चुकलं की पुन्हा विचारतात.
शेजाऱ्यांच्या तक्रारी सुरू झाल्यात.