झाकणाच्या आत

लिहायचं लिओमिन्स्टर, म्हणायचं लेम्स्टर.
मधली अक्षरं या गावाने कधी गिळली, कुणाला ठाऊक नाही.
इथल्या एका जुन्या सामानाच्या दुकानात, मागच्या खोलीत,
मी गंजलेल्या बिजागऱ्या मोकळ्या करते.
तासाचे तेरा पौंड, चहा दुकानाचा.

मंगळवारी ट्रंक आली.
कापराच्या लाकडाची, कोपऱ्यांना पितळ,
एका अंगाला ओल चढून फुगलेली.
झाकणावर पांढऱ्या रंगात: मेजर एच. डब्ल्यू. लँग्रिश.
स्पिरिटचा बोळा फिरवला तसा मेजर पुसट झाला
आणि खालून कॅप्टन वर आला.
त्याच्याही खाली, हात न बसलेल्या अक्षरांत,
लेफ्टनंट.
नाव तीनदा तेच, तिथल्या तिथे गिरवलेलं.

आत दोन कॉलरची बटणं, एक दाभण,
एक नाल, घोड्याला फार अरुंद.
आणि झाकणाच्या आतल्या बाजूला, थेट लाकडावर,
पेन्सिलीने लिहिलेली त्रेचाळीस नावं.

विकायला आलेल्या मिसेस प्रॉसर त्याच्या भाचीची मुलगी,
ऐंशीच्या पुढच्या, काठीला रबराची नवी टोपी.
आवाज खाली आणून म्हणाल्या,
"बायका आहेत त्या. हिंदुस्थानातल्या.
ईडिथ आजीने एकदाच वाचलं, झाकण लावलं,
आणि हेरेफर्डला बहिणीकडे निघून गेली.
त्यांनी सांगितलं नाही. तिने विचारलं नाही."

मी टेबलावरचा दिवा ओढून जवळ घेतला.
इंग्रजी अक्षरं, पण कुणीतरी तोंडाने सांगितलेली
आणि याने जशी ऐकू आली तशी उतरवलेली.
चिंगी. ढवळी. भिंगरी.
नकटी.
लंगडी.
चावरी, खाली दोन रेघा ओढून.
प्रत्येकीपुढे तेच वजन: दोन मण.

मला हसू आलं. मग फुल्या दिसल्या.

"मिसेस प्रॉसर, ही खेचरं आहेत."

दाणा, वैरण, नाल, दोन मण, बसऱ्याचा चिखल:
एवढीच त्याची लढाई.
अकरा फुल्यांखाली सही लेफ्टनंटची.
पुढच्या सतरांखाली कॅप्टनची.
शेवटची फुली चावरीची,
तिच्याखाली मेजर, आणि पेन्सिलीचं टोक
तिथे मोडलेलं दिसतं.

हाकणाऱ्यांची नावं मी शोधली. नाहीत.
एकच निसटून आत आलं आहे, तेही मालकीहक्काने:
'हणमंताची थोरली.'
तिच्यापुढे फुली नाही.
हणमंताचं काय झालं ते लिहायला
या झाकणावर रकानाच नव्हता.

मिसेस प्रॉसर बराच वेळ बसून राहिल्या.
चहावर साय धरली.
मग विचारलं, "नकटी म्हणजे?"
"बसक्या नाकाची."
त्यांनी स्वतःच्या नाकाला बोट लावलं.
लँग्रिशांचं नाक. घरात सगळ्यांना तेच.
"एवढंच," त्या म्हणाल्या, "एवढंच विचारायचं होतं तिला."

ट्रंक विकूच नका म्हणतील असं मला वाटलं होतं.
"विका," म्हणाल्या. "माझ्या फ्लॅटमध्ये इस्त्रीची फळीसुद्धा मावत नाही."
फक्त आतून पॉलिश करू नका, म्हणाल्या,
आणि नावं एकदा म्हणून दाखवा.

मी म्हटली. त्या मागोमाग म्हणत गेल्या.
चिंगी जमली. भिंगरी जवळपास.
ढवळीच्या शेवटी जीभ अडली,
दोनदा, तीनदा, दातांवर आपटून परत.
मी म्हटलं, सोडा ते अक्षर,
तुमचं गाव तरी कुठे सगळी म्हणतं?

चार पस्तीसची बस आली.
काठी आधी वर ठेवून त्या चढल्या,
आणि काचेपलीकडे, ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर,
त्यांचे ओठ हलत होते.