नवा दांडा

उणे सव्वीसात गाठीवर घाव बसला
आणि मानेशीच दांडा मोडला.
हेल्वीनं पातं बर्फातून शोधून काढलं,
स्वयंपाकघरात वर्तमानपत्रावर ठेवलं,
आणि आधी कॉफी प्यायली.

सौनाच्या माळ्यावर भूर्जाची एक फळी होती.
तौनोनं फाडून ठेवलेली, करवतीनं नव्हे, पाचरीनं;
रेषा जाईल तिकडं जाऊ दिलेली.
नऊ हिवाळे धूर खाऊन
टिचकी मारली की भांड्यासारखी वाजायची.

"जुन्याचंच माप घे," आरमास कुंपणापलीकडून म्हणाला,
"चाळीस वर्षं चाललाय."
चालला, पण तौनोच्या हातात.
दाराच्या चौकटीला त्याचं कपाळ पाठ होतं.
नऊ वर्षं हेल्वी त्या लांबीमागं ओढली जात होती.
तिनं लाकडाचं एक टोक मुठीत धरलं,
दुसरं काखेत येईल तिथं
कोळशाची रेघ मारली.
चार बोटं आखूड.

मग सुरी, मग कानस,
मग फुटक्या बरणीची काच, जी कशाहूनही गुळगुळीत तासते.
नेढ्याला चुलीची काजळी फासून
दांडा घालायचा, काढायचा,
काळं लागेल तेवढंच खरवडायचं.
पुन्हा घालायचा.
दोन दिवस भाकरीलाही भुसा लागला.

आमच्या भाषेत दांड्याला गोतास काळ म्हणतात.
हेल्वीच्या भाषेत तसलं काही नसावं.
तिनं त्याला जवसाचं तेल पाजलं,
पिईल तितकं.

कुऱ्हाड उलटी धरून ती बुडावर ठोकत राहिली:
मार खाली,
आणि पातं आपल्याच जडपणानं लाकडावर वर वर चढतं.
हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.
भांडी घासताना खिडकीतून दिसायचं.

पाचरीसाठी आरमासनं ओकचा तुकडा आणला.
तिनं आभार मानून तो खिडकीत ठेवला
आणि मोडक्या दांड्याचा, मुठीनं काळा पडलेला भाग
चिरून, निमुळता करून
फटीत ठोकला.
बाकीचा त्या रात्री सौनात जाळला.
चांगला जळला.

सकाळी तोच ओंडका, तीच गाठ.
पहिला घाव अलीकडंच पडला,
बर्फात.
खांद्याला अजून जुन्या लांबीची सवय होती.
हेल्वी अर्धं पाऊल पुढं सरकली.