महिन्यातून किती वेळा

फॉर्मवर जागा चार ओळींची,
म्हणून मागच्या कोऱ्या बाजूला लिहितो आहे.
मी ऑर्विल हाल्व्हर्सन. मायनॉट, नॉर्थ डकोटा. शाळेची बस चालवतो.
टेरिनचा नवरा, अकरा वर्षं.
खालचं सगळं मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे,
म्हणजे ऐकलेलं. त्या खोलीत दिसत काहीच नाही.

न्हाणीघराच्या खिडकीला मी फॉइल चिकटवली आहे,
चकचकीत बाजू बाहेर.
शेजारच्या मिसेस व्होल्डना वाटतं आम्ही गांजा पिकवतो.
टेरिन फरशीवर, गाल टबच्या गार कडेला,
आणि फ्रीजची घरघर तिला खिळ्यासारखी लागते,
म्हणून मी प्लग काढतो.
आजवर किती दूध नासलं
ते तुमच्या कोष्टकात कुठे भरू?

तुम्ही विचारता, महिन्यातून किती वेळा.
पशुखाद्याच्या दुकानातलं कॅलेंडर आहे, त्यावर लाल फुल्या.
वकीलबाई म्हणाल्या, नोंद तिच्याच हातची हवी.
मार्चात सात.
एप्रिल कोरा.
एप्रिलात तिला पेन्सिल धरवत नव्हती.
तुमच्या डॉक्टरांनी लिहिलं: एप्रिलमध्ये त्रास नाही.

तुमचा शब्द आहे, आडवं पाडणारी.
पडली तर मोजायची.
पण ती सिंकची कड धरून, एक डोळा मिटून
मुलीचा डबा भरते, सफरचंदाच्या फोडी करते, सालं काढून,
झाकण लावते, आणि मग पडते.
उभ्याने सोसलेली अर्धी कुठल्या खात्यात?

दोन हजार चार. ती इंधनाचा टँकर चालवायची.
पुढच्या गाडीखाली स्फोट झाला.
ती उतरली, कानातली माती झटकली,
उरलेले साठ मैल टँकर तिनेच नेला.
मेडिकने दोन गोळ्या दिल्या, लिहिलं काही नाही.
तिच्या फाइलमध्ये दाढेत भरलेली चांदी आहे, तारखेसकट.
डोकं नाही.

सुनावणी फार्गोला. गाडीने चार तास.
न्यायाधीश दूर वॉशिंग्टनला, भिंतीवरच्या पडद्यात.
टेरिनने निळा शर्ट इस्त्री केला होता, केस बांधले होते,
आणि मला एकच धास्ती,
ही फार बरी दिसते आहे.

विसाव्या मिनिटाला ती टँकर म्हणाली.
मग पुन्हा टँकर. पुन्हा टँकर.
दुसरा कुठला तरी शब्द हवा होता, तो येईना.
म्हणाली, ते दिवे बंद करता येतील का.
आमच्या खोलीचं बटण बाहेर कॉरिडॉरात, कुलपाच्या पेटीत.
किल्लीवाला जेवायला गेलेला.
तेव्हा पडद्यातल्या म्हाताऱ्याने हात लांबवून
आपल्या टेबलावरचा दिवा मालवला.
त्याच्याकडे अंधार झाला, नुसता चष्मा चमकत राहिला.
आमच्या ट्यूबा तशाच फडफडत होत्या.
कोणीतरी विचारलं, हे नोंदीत कसं घ्यायचं?
बराच वेळ तो काही बोलला नाही.
मग म्हणाला, लिहा, दिवा मालवला.

परतताना जेम्सटाउनच्या अलीकडे गाडी थांबवली.
गव्हाच्या कडेला ती ओकली.
मागच्या सीटवर, माझा कोट तोंडावर घेऊन म्हणाली,
माणूस चांगला होता.

पत्र पाच महिन्यांनी आलं. होय नाही, नाहीसुद्धा नाही:
फेरतपासणीसाठी परत.
नवी तारीख, सकाळी नऊ, पूर्वेकडची खोली.
आणि या फॉर्मवर तोच प्रश्न.

बसमध्ये मी रोज चाळीस मुलं मोजतो,
चढताना आणि उतरताना. चुकत नाही.
घरीही मोजतो, कॅलेंडर सोडून.
दुसऱ्या दिवशी, कधी तिसऱ्या,
स्वयंपाकघरात फ्रीज एकदम गुरगुरायला लागतो.
प्लग तिनेच लावलेला असतो.
तेवढ्यावरून कळतं की ती उठली.
मे महिन्यात तो नऊ वेळा सुरू झाला.
जून अजून चालू आहे.