खिडकी नंबर तीन

सेंट लुईसचं बस स्थानक.
रात्री अकरा ते सकाळी सात
तिसरी खिडकी माझी.
काचेला खाली अर्धगोल भोक,
त्यातून पैसे आत येतात, तिकीट बाहेर जातं,
आणि मधूनच एक प्रश्न येतो
ज्याचा दर माझ्या तक्त्यात नाही:
बाई, कुठलं शहर चांगलं?

परवा कोरियाचं एक म्हातारं जोडपं आलं.
नकाशावर लाल पेनाने गोल केलेले,
न्यूयॉर्क, लास वेगास, सॅन फ्रान्सिस्को.
त्यांनी काही विचारलं नाही.
पाहुण्यांना शहर न्हाऊनमाखून भेटतं.
राहायला येणाऱ्याला ते भेटतं पहाटे पाचला,
तोंड न धुतलेलं,
कचऱ्याच्या गाडीमागे धावत.

ओस्मिन ह्यूस्टनला गेला.
तिथे थंडी नाही म्हणाला, आणि छपरांची कामं पुष्कळ,
वादळ आलं की पुन्हा तीच छपरं.
"वादळ देवाचं, मजुरी माझी,"
असं बोलून गेला आणि घाबरून
छातीवर क्रूस काढला.

गोमाहून आलेली फुराहा. तीन पोरं,
सगळे कागद एका पांढऱ्या पिशवीत,
पिशवी पोटाशी.
चिठ्ठीवर कुणीतरी लिहून दिलेलं: बॉयसी.
तिला तो शब्द उच्चारता येईना, मलाही नीट नाही.
धाकट्याने टाचा उंचावून भोकातून विचारलं,
तिथे तळं आहे का?
मी संगणकात पाहिलं. नदी आहे, म्हटलं.
त्याने जरा विचार केला.
चालेल, म्हणाला.

अब्दिरिझाकला मी चार वेळा तिकीट दिलंय.
मिनियापोलिसला गेला, थंडीला कंटाळून परतला,
पुन्हा गेला, पुन्हा परतला.
आता कायमचा चाललोय, म्हणाला,
नाकातलं पाणी गोठतं तिथे,
पण माझं नाव कुणी दोनदा विचारत नाही.

बाकावर कुणी मासिक विसरून जातं.
त्यात राहण्यालायक शहरांची यादी,
शाळांना गुण, बागांना गुण, हवेला गुण.
आमचं गाव फार खाली, कधी नसतंच.
मी ती यादी चहाच्या कपाखाली ठेवते.

माझं तिकीट शिकागोचं होतं.
सत्त्याण्णवचा फेब्रुवारी. डॅलसहून निघालेले,
इथे फक्त बस बदलायची, चाळीस मिनिटं.
दाढ इतकी ठणकत होती
की मागे सोडलेलं प्रियेदोरसुद्धा आठवत नव्हतं.
बायकांच्या मोरीत कुणीतरी फरशी पुसत
बादलीला शिव्या देत होतं.
शिव्या माझ्या भाषेतल्या.
त्यातही आमच्या नदीकाठच्या,
शेवटचं अक्षर गिळणाऱ्या.
मी दारातच उभी राहिले, गाल धरून,
आणि पाच वर्षांत पहिल्यांदा हसले,
तेही दुखतंय म्हणून अर्धंच.
सेनियाने ओच्यातून लवंग काढून दिली,
मग खुर्ची, मग बहिणीचा पत्ता.
तोवर बस सुटली होती.
माझी बॅग एकटीच शिकागोला गेली.
तिला ते शहर आवडलं असावं,
परत आली नाही.

हे मी काचेतून कुणाला सांगत नाही.
किंमत सांगते, फलाट सांगते.
रांग नसेल तर एवढंच विचारते:
कुणाचा नंबर आहे का तुझ्याकडे?

आज पहाटे चारला एका पोराने
बुटातून कागद काढला.
घामाने शाई फुटलेली,
शेवटचा आकडा एक आहे की सात, कळेना.
मी फोन भोकाशी सरकवला.
आधी एक लावून पाहू, म्हटलं.
तो डोकं काचेला टेकवून
वाजणारी घंटी ऐकत राहिला.
मीही.