सूर्यास्तापर्यंतचा परवाना

लिलावात चार डॉलरला मिळाली ही वही,
पुढे कुणी बोलीच लावली नाही.
पुठ्ठ्यावर फुटलेली शाई: टिलमन्स फोर्ड, केंटकी,
खाली हॉबर्ट स्टॅम्परची लपेटदार सही.

सन एकोणपन्नास. बियाण्यांच्या दुकानावरची खोली.
भिंतींना आतून अंड्यांचे ट्रे ठोकलेले,
तरी खालचा तराजू खणखणला
की बँजोच्या मधेच ऐकू जायचा.
लोक म्हणायचे, आज मक्याला गिऱ्हाईक दिसतंय.

परवाना फक्त दिवसाचा.
रात्रीचं आकाश मोठ्या शहरांच्या मालकीचं.
म्हणून रोज पेन्सिलीत शेवटची ओळ:
सूर्यास्त. बंद.
डिसेंबरात सव्वापाच.
फिडल अर्ध्यावर असलं तरी बंद,
आणि धारेला उभ्या गाईपाशी
रेडिओची नुसती खरखर.

मधल्या पानांत गाणी कमी, माणसं जास्त.
हरवलाय: शिकारी कुत्रा, डाव्या कानाला भोक.
देणे आहे: शिलाई मशीन, बदल्यात दोन डुकरं चालतील.
खाण नंबर तीन, दुसरी पाळी आज नाही.
मग त्याच अक्षरात सहा नावं,
आणि दिवसभर एकही गाणं नोंदलेलं नाही.

एकसष्टचा फेब्रुवारी ओलीने फुगलाय.
नदी चढली तेव्हा हॉबर्ट लेक्सिंग्टनला,
माइकवर आयडेल कॉम्ब्ज, जाहिरातींचा हिशेब लिहिणारी.
तिने 'सूर्यास्त' लिहिलंय नीट.
'बंद' लिहिलेलं नाही.
रात्रभर घराघराला नावाने हाका.
घसा बसला की एकच तबकडी, सात वेळा.
पहाटे: सूर्योदय. चालूच आहे.
दंडाची पावती त्याच पानाला टाचलेली,
बाजूला नोंद, गावाने भरला, बरीचशी चिल्लर.

मी नदी मोजणारा, सरकारी नोकर.
आमच्या कागदांत त्या रात्रीचा रकाना कोरा,
मोजपट्टीच वाहून गेली होती.
आयडेलने लिहिलंय:
नऊ चाळीस, पाणी न्हाव्याच्या तिसऱ्या पायरीला.
अकरा, टपालपेटी दिसत नाही.

काल टेप घेऊन गेलो.
न्हाव्याचं दुकान केव्हाच गेलं, पायऱ्या आहेत.
पलीकडच्या शेतात मनोऱ्याचे चार काँक्रीटचे ठोकळे,
एकावर कुणीतरी भोपळा विसरलेला.
स्टेशन कंपनीने घेतलं, मग तेही विकलं,
आता त्या आकड्यावर कुठलंसं यंत्र
परक्या गावाचं हवामान सांगतं.
तिसऱ्या पायरीवर उभा राहून
कोऱ्या रकान्यात आकडा भरला, पेन्सिलीनेच.
ऊन डोंगरामागे चाललं होतं.
घड्याळ पाहिलं.
सव्वापाचला अजून सहा मिनिटं होती.