वरचे दात

आमचं वाचनालय म्हणजे एक खोली,
कौन्सिलच्या कचेरीमागे. दोन हीटर, त्यातला एक चालू.
वारा फिरला की कारखान्याचा वास पुस्तकांना लागतो :
ओली लोकर, वाफ,
आणि गावात ज्याचं नाव कुणी काढत नाही ते.
साउथलंडच्या या टोकाला
प्रत्येक छपराचं कर्ज कोकरांनी फेडलेलं आहे.

त्या वर्षी खोक्यातून एक चित्रांचं पुस्तक आलं.
त्यात एक कोकरू ट्रकमधून उडी मारतं,
ओढा ओलांडतं, आणि टेकडीपलीकडे अशा घरी पोचतं
जिथे कोल्हासुद्धा वाटाण्याचं सूप पितो,
मिशा पुसतो, आणखी मागतो.
(कोल्हा न्यूझीलंडात नाहीच.
मुलांनी तेवढं चालवून घेतलं.)

कमिटीच्या मिसेस डॅलग्लिश चष्म्यावरून म्हणाल्या,
"कोरली, हे वाचून पोरं रात्री जेवायला बसली
तर बापाच्या हातांकडे कशी बघतील?"
मी पुस्तक काउंटरखाली सरकवलं,
हरवलेल्या हातमोज्यांच्या टोपलीत.
भित्रेपणाला मी तेव्हा
व्यवस्थितपणा म्हणत असे.

किर्स्टी मॅकरायला ते तिथे सापडलं.
वय सात. एक हातमोजा शोधायला आली होती,
तो विसरून पुस्तक घेऊन गेली.
तिच्याकडे बाटलीच्या दुधावर वाढवलेलं कोकरू होतं, बटण नावाचं.
शाळेच्या कोकरू-दिनाला त्याला तिसऱ्या नंबरची फीत मिळाली होती
आणि ती त्यानं लगेच खाल्ली होती.

तीन आठवडे झाले. पाच झाले.
मी दोन स्मरणपत्रं पाठवली, तिसरं लिहून फाडलं.
मग एका संध्याकाळी पाळी सुटल्याचा भोंगा झाला
आणि अलस्टेर मॅकराय दारात उभा.
पांढरे गमबूट बाहेर काढून ठेवले त्यानं,
मोज्यांवर चालत आला, एका अंगठ्यातून बोट बाहेर.
आता भांडण, म्हणून मी रजिस्टर पुढ्यात ओढलं.

त्यानं दंडाची नाणी एकेक करून मांडली.
"रोज रात्री वाचावं लागतं," म्हणाला,
आमच्याकडचा तो 'र', दगडावरून पाणी जावं तसा.
"हे ज्यानं काढलंय ना,
त्यानं कोकराचं तोंड उघडून बघितलेलं नाही.
वर पुढचे दात नसतात. नुसती हिरडी असते, घट्ट, गादीसारखी."
आणि पुस्तक उघडून दाखवलं :
सतरा पानं, सतरा वेळा हसणारं कोकरू,
प्रत्येक पानावर वरचे दात
खोडरबरानं, कागद न फाडता, पुसलेले.

"दिवसाला मी जितकी तोंडं बघतो,
तितकी माणसं नाहीत या गावात."
हे तो हीटरकडे बघून बोलला.
बंद असलेल्या.

मला विचारायचं होतं, आणि शेवट?
विचारलं नाही, तरी त्यानं उत्तर दिलं :
"बाकी कशाला हात लावलेला नाही."
मग खिसे चाचपले, किर्स्टीचं कार्ड काढलं.
"परत तीन आठवडे लिहा.
आणि चीज सोडून दुसरं काय देता येतं पोरीला डब्यात,
त्याचं काही पुस्तक आहे का?"

होतं. धूळ बसलेलं. त्यात मसूर होते,
आणि मसूर गावच्या दुकानात नव्हते.
त्यानं ते गोरहून आणले, असं मागाहून कळलं.
कामावर तो अजून जातो. भोंगा होतो, बूट चढतात.
बटणचं काय झालं ते मी विचारलेलं नाही.
मी अजून तितकीच व्यवस्थित आहे.

पण पुस्तक आता दर्शनी फळीवर उभं असतं.
परवा मिसेस डॅलग्लिशचा नातू चित्रावरून बोट फिरवत थांबला,
जिथे कागद खरखरीत लागतो तिथे.
"ह्याचे दात कुणी नेले?"
शेजारी किर्स्टी बसली होती.
तिनं त्याच्याकडे वळून तोंड उघडलं, मोठ्ठं,
वरची रिकामी हिरडी दाखवली,
आणि शिट्टीसारख्या 'स'नं
पहिल्या पानापासून सुरुवात केली.