दोन किलो सातशे

पेरूच्या फांदीला ताणकाटा अडकवला,
त्याला बाजाराची पिशवी,
पिशवीत जिलबी, मान तेवढी बाहेर.
काटा थरथरला, मग थांबला.
"दिवाळीत दोनला शंभर कमी होती,"
मालन म्हणाली आणि माझ्याकडं बघितलं.
मी पेरूकडं बघितलं.

उचगावच्या आमच्या परसात पाच कोंबड्या,
चौघी अंडी देतात.
जिलबीनं परवा दिलं एक, बिनकवचाचं,
उचलायला गेलो तर बोटांत लवलवलं.

जनावरांचे डॉक्टर चौगुले गाडीवरनं आले.
तिला काखेत धरून छातीचं हाड
चाचपत राहिले बराच वेळ.
"हाड लागंना की हो. नुसती चरबी.
काय घालता हिला?"

मालननं सगळं सांगितलं:
सकाळी मूठभर खाद्य, दुपारी मेथीच्या काड्या,
भाजून कुटलेली अंड्याची टरफलं,
दिवस मावळताना मक्याचे चार दाणे.
तिचं सगळं खरं होतं.

खरं हेही होतं, की
मार्गशीर्षात माझी साखर तीनशेवर गेली
आणि ताटातला भात गेला.
मग भडंगाचा डबा वरच्या फळीवर गेला.
शिरोलीच्या फौंड्रीत तीस वर्षं
त्या भडंगावर दुसरी पाळी काढली होती मी.
दुपारी मालन लवंडली
की स्टूल घ्यायचं, मूठ भरायची,
तोंडापर्यंत न्यायची
आणि तशीच घेऊन परसात.
बाकीच्या धुळीत पडलेल्या असायच्या.
जिलबी पळत यायची.
ती शेंगदाणा उचलायची, मान वाकडी करून,
आणि मी गिळायचो.

"भडंग," मी म्हणालो.
"तिखट?"
"तिखटच. लसूण घातलेलं."
"पाखराला तिखट कळत नाही," डॉक्टर म्हणाले,
आणि लिहायला लागले.
मका बंद. पाला भरपूर. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत.
शेवटी: फिरवा.
माझ्या कागदावरही हाच शब्द आहे,
फक्त अक्षर वाईट.
मालन काही बोलली नाही.
डबा शेजारच्या पाटलीणबाईंकडं गेला.

ह्या रविवारी दोन किलो सहाशे वीस.
पिशवीतनं काढताना तिनं मला ओरबाडलं.

संध्याकाळी मी परसात फेऱ्या मारतो,
विहिरीपासनं शेवग्यापर्यंत,
ती मागोमाग.
सहाव्या फेरीला थांबून मूठ उघडून दाखवतो.
बघ, काही नाही.
ती एक डोळा लावून बघते,
दुसरा लावून बघते,
आणि तळहातावरच्या तिळाला
एकदा टोचून बघते.